किल्ली कुणाच्या हातून गेली?

१,७५८ रुपये. एवढी रक्कम पुण्याच्या आरटीओत भरली असती, तर त्या गाडीची कायमची नोंदणी झाली असती. गाडी पोर्शे कंपनीची टायकान, किंमत कोटीच्या वर. विजेवर चालणारी असल्याने महाराष्ट्रात तिला रस्ताकर माफ. उरले होते ते कर्जाच्या नोंदीचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्चाचे ५८ रुपये. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या विक्रेत्याकडून ती तात्पुरत्या नोंदणीवर आली, आरटीओत तपासणीलाही नेली गेली. पैसे मात्र कुणी भरले नाहीत, आणि गाडी रस्त्यावर फिरत राहिली.

१९ मे २०२४, रविवार. पहाटे अडीचच्या सुमारास ही गाडी पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका दुचाकीवर आदळली. दुचाकीवर एक तरुण आणि एक तरुणी होती. दोघेही २४ वर्षांचे, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीसाठी आलेले आयटी अभियंते. मित्रमंडळींबरोबरचे जेवण उरकून ते घरी निघाले होते. दोघांचाही जीव गेला. गाडी चालवणाऱ्या मुलाचे वय होते १७ वर्षे ८ महिने.

पुढे काय झाले ते महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला साडेसात हजारांच्या जामिनावर सोडले आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. त्या निबंधाने देश खवळला, आणि खवळायलाच हवा होता. पण तेव्हापासून आपण सारे अडीचनंतरच्या गोष्टींवर बोलतो आहोत: जामीन, निबंध, रक्ताचे नमुने, मुलाला सज्ञान धरायचे की नाही. हे सगळे महत्त्वाचे आहे. मात्र यातल्या कोणत्याही उत्तराने ती दोन मुले परत येणार नाहीत. ती वाचली असती तर अडीचच्या आधीच्या काही तासांत वाचली असती. म्हणून हा लेख त्या आधीच्या तासांबद्दल आहे, आणि त्या तासांत जी मोठी माणसे होती त्यांच्याबद्दल आहे.

अडीचच्या आधी

बारावीचा निकाल लागला होता. निकालाची पार्टी करायला मुले जमली होती. निकालाची पार्टी हा आता आपल्या शहरांतला रिवाज झाला आहे. दहावीला हॉटेल, बारावीला पब, अठरा पूर्ण झाले की गाडी. पोलिसांनी जाहीर केलेल्या तपशिलानुसार, शनिवारी रात्री ही मुले मुंढवा-कोरेगाव पार्क परिसरातल्या एका पबमध्ये गेली आणि तिथे दीडेक तासात ४८,००० रुपयांचे बिल झाले. मध्यरात्रीच्या सुमारास ती दुसऱ्या ठिकाणी गेली. तिथून निघाली ती गाडीत.

या रात्रीचा हिशेब माणसांच्या क्रमाने मांडून पाहावा. पहिला माणूस घरचा: ज्याने गाडी घेतली, नोंदणी अर्धवट ठेवली आणि मुलाला ती नेऊ दिली. दुसराही घरचाच: ज्याच्या पैशांतून ते बिल भरले गेले. तिसरा पबच्या दारावरचा, ज्याने वय विचारले नाही किंवा विचारून सोडून दिले. चौथा टेबलाशी ऑर्डर घेणारा. पाचवा व्यवस्थापक. सहावा दुसऱ्या पबच्या दारावरचा. सातवा घरचा पगारी चालक, जो त्या रात्री गाडीतच होता. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे चालकाचा जबाब असा की मुलाने किल्ली मागितली, चालकाने वडिलांना फोन लावला आणि वडिलांनी गाडी मुलाच्या हाती देऊन बाजूला बसायला सांगितले.

यातल्या प्रत्येकाला ‘नाही’ म्हणता येत होते, आणि एकाचा नकारही पुरेसा होता. पहिल्या पबच्या दारात मुलांना परत पाठवले असते, तर फार तर चार शिव्या खाव्या लागल्या असत्या. चालकाने किल्ली खिशात ठेवली असती तर कदाचित नोकरी गेली असती. इथेच लक्षात येते की नकार द्यायची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. मालकाच्या मुलाला अडवणे हे पगारी चालकावर किंवा दारावरच्या पोरावर सोपवता येत नाही. पैसा आणि अधिकार ज्याच्याकडे, त्यानेच पहिला नकार द्यायला हवा. त्या रात्री सर्वांत सोपा नकार ज्यांना शक्य होता, त्यांनीच तो दिला नाही.

अपघातानंतरही मोठ्यांची ही साखळी थांबली नाही. चालकाला डांबून ठेवून गुन्हा अंगावर घ्यायला लावल्याच्या आरोपाखाली मुलाच्या वडिलांना आणि आजोबांना अटक झाली. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना फेकून त्याजागी दुसरा ठेवल्याच्या आरोपाखाली दोन डॉक्टर आणि एक कर्मचारी गजाआड गेले. बदललेले रक्त मुलाच्या आईचे असल्याचे पोलिसांचे म्हणणे, म्हणून आईलाही अटक झाली. येरवडा पोलीस ठाण्याच्या दोन अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. न्यायालयात काय टिकेल ते टिकेल, पण एका मुलाच्या चुकीभोवती किती प्रौढ माणसे उभी राहू शकतात हे या यादीने दाखवले. हीच माणसे चार तास आधी उभी राहिली असती, तर यातले एकही कलम लावावे लागले नसते.

२५, २१ आणि १८

महाराष्ट्रात व्हिस्की, रम, वोडका अशी कडक दारू विकत घ्यायला वयाची २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. बिअर आणि वाइनसाठी २१. शिवाय दारूबंदी अधिनियमाखाली पिणाऱ्याकडे परवाना लागतो. वर्षाचा मिळतो, आयुष्यभराचा मिळतो, आणि एका दिवसाचाही मिळतो: देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५. परमिट रूम हे नाव त्यातूनच आले. पण परमिट रूममध्ये किती जणांना कधी परमिट विचारले गेले, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावे. दिवसाच्या परवान्यांची पुस्तके दुकानदाराकडे पडून असतात आणि हिशेबापुरती भरली जातात. हा परवाना खरोखर माणसाच्या हाती दिला गेला असता, तर तो देताना जन्मतारीख बघावीच लागली असती. वय तपासण्याची सोय कायद्याने १९४९ पासून करून ठेवली आहे. आपण ती वापरत नाही.

२०२४ च्या जुलैत, पोर्शे प्रकरणाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, मुंबईत वरळीला दुसरी घटना घडली. ७ तारखेच्या पहाटे कोळीवाड्यातले एक जोडपे ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवरून परतत होते. बीएमडब्ल्यूने स्कूटर उडवली आणि ४५ वर्षांच्या त्या बाईंना फरफटत नेले. त्या वाचल्या नाहीत. गाडी चालवणारा, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, २४ वर्षांचा होता आणि रात्री जुहूच्या एका बारमध्ये बसला होता. २५ च्या आतल्या गिऱ्हाइकाला कडक दारू दिली म्हणून उत्पादन शुल्क खात्याने बारवर कारवाई केली. कारवाई योग्यच होती, पण ती झाली अंत्यसंस्कारानंतर. आपल्याकडे बारची तपासणी बहुतेक वेळा माणूस मेल्यानंतर होते.

त्याआधीचे उदाहरण २००६ चे. १२ नोव्हेंबरच्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि ७ जण मेले. चालक २१ वर्षांचा होता आणि त्याच्या रक्तात दारू सापडली. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने ते तीन वर्षे केले आणि २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. खटला सज्ञान माणसाचा म्हणून चालला आणि गाजलाही तसाच. पण २१ व्या वर्षी महाराष्ट्रात कडक दारू विकत घ्यायला परवानगी नाही, हा मुद्दा त्या सगळ्या चर्चेत मागेच राहिला.

इथे आपल्या कायद्यातली एक फट नीट पाहायला हवी. वाहन चालवण्याचा परवाना १८ व्या वर्षी मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल असले, तर गुन्हा होत नाही. ही मर्यादा पन्नाशीतल्या माणसालाही तीच आणि १८ वर्षे पूर्ण करून महिना झालेल्या मुलालाही तीच. म्हणजे १९ वर्षांच्या मुलाने थोडी घेऊन दुचाकी चालवली आणि यंत्रावर २५ चा आकडा आला, तर वाहतूक पोलीस त्याला जाऊ देतो. ज्याने बिअरला हातही लावायचा नाही असे एक कायदा सांगतो, त्याला दुसरा कायदा ‘इतकी चालेल’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना नवख्या आणि तरुण चालकांसाठी याहून कडक, २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवते. महाराष्ट्राने तर यापुढे जायला हवे. २१ वर्षांखालच्या चालकाच्या रक्तात अल्कोहोल शून्यच असले पाहिजे. मोटार वाहने हा केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतला विषय आहे. राज्याला ठरवले तर पाऊल उचलता येते.

अमेरिकेने हे करून दाखवले आहे. तिथे १९८४ च्या कायद्याने दारूचे वय २१ करण्याची सक्ती झाली आणि १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांनी ते केले. पुढच्या दहा वर्षांत प्रत्येक राज्याने २१ च्या आतल्या चालकांसाठी रक्तातली मर्यादा जवळजवळ शून्यावर आणली. या लढ्याला जोर आला तो एका आईमुळे. कँडेस लाइटनर यांची १३ वर्षांची मुलगी दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली गेली आणि त्यांनी १९८० मध्ये अशा आयांची संघटना उभी केली.

चार मित्र गाडीत असतात तेव्हा

मुलगा शहाणा आहे, अभ्यासू आहे, तो असे काही करणार नाही, असे प्रत्येक घराला वाटते. वाटण्यात चूक नाही. पण घरात दिसणारा मुलगा आणि रात्री चार मित्रांसोबत स्टिअरिंगवर बसलेला मुलगा यांत फरक असतो. मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करून हात आवरायला लावतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांना खेळायला दिला, कधी एकट्याने, कधी मित्र बघत असताना. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलांनी घेतलेले धोके खूप वाढले. प्रौढांमध्ये तसा फरक जवळजवळ पडला नाही. आणि हा प्रयोग पूर्ण शुद्धीतल्या मुलांवरचा होता.

त्यात दारू आली की काय होते? डोळ्यांना कडेचे कमी दिसते, अंतराचा अंदाज चुकतो, ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. आणि सर्वांत घातक म्हणजे आपण छान चालवतो आहोत असे वाटू लागते. पंधरा वर्षे गाडी चालवलेल्या माणसाचे हातपाय निदान सवयीने काही करतात. सतरा वर्षांच्या मुलाकडे ती सवयही नसते. म्हणून जितकी दारू मोठ्या माणसाला ‘थोडीच’ वाटते, तितकीच या वयात जीवघेणी ठरते.

दारू लवकर उतरवण्याच्या युक्त्या मुलांमध्ये फार फिरतात: लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याचा हबका, उलटी काढणे. यातल्या कशानेही रक्तातले अल्कोहोल कमी होत नाही. शरीर ते आपल्या गतीने जाळते, साधारण ताशी १५ ते २० मिलिग्रॅम. रक्तात १२० असेल तर ३० वर यायला पाच-सहा तास लागतात. घरी बोलताना हा हिशेब मुलांना सांगावा. उपदेशापेक्षा त्यांना तो पटतो.

फुंका, थांबू नका

शनिवारी रात्री साडेअकरानंतरची नाकाबंदी जवळून पाहण्यासारखी असते. बॅरिकेड तिरके लावून रस्ता अरुंद केलेला. टॉर्चचा झोत आधी नंबरप्लेटवर, मग चेहऱ्यावर. हवालदार यंत्राला नवी प्लास्टिकची नळी लावतो आणि समोर धरतो. “फुंका. जोरात. थांबू नका.” मुलगा गाल फुगवतो, पण हवा बाहेर न सोडता आत ओढतो. यंत्र काही दाखवत नाही. “पुन्हा.” तिसऱ्या वेळी पडद्यावर आकडा येतो. मुलाच्या मागे बसलेला मित्र एव्हाना फोन लावून तयार असतो. “साहेब, जरा बोला ना. काका आहेत.” फोन हवालदाराच्या कानाजवळ येतो.

त्या फोनवर कोण असते याचा विचार करावा. एक प्रौढ माणूस. नगरसेवक असेल, बांधकाम व्यावसायिक असेल, ओळखीतला अधिकारी असेल, किंवा नुसता बाप असेल. त्याला मध्यरात्री कळते की आपल्या घरातले पोर पिऊन गाडी चालवत होते. अशा वेळी सुटकेचा श्वास टाकून ‘अडवलेत, बरे केलेत, गाडी ठेवून घ्या, मी येतो’ म्हणता येते. तसे न म्हणता जो ‘सोडून द्या, लहान आहे’ म्हणतो, तो त्या पोराला धोक्यातून सोडवत नाही, पुढच्या चौकातल्या धोक्याकडे पाठवतो. नाकाबंदीत पकडलेला मुलगा जिवंत असतो आणि त्याच्यासमोरचाही जिवंत असतो. पालकाला याहून स्वस्तात सुटका मिळत नाही. दंड दहा हजारांपर्यंत होईल, सहा महिन्यांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, पण कुणाच्या दारात अँब्युलन्स जाणार नाही.

म्हणून वशिल्याचा फोन न उचलणारा हवालदार हा या सगळ्यात समाजाचा खरा मित्र आहे. त्याच्या पाठीशी त्याचे वरिष्ठ उभे राहिले पाहिजेत. नाकाबंदी ३१ डिसेंबर, धुळवड आणि गटारीपुरती न ठेवता बारावीच्या निकालाच्या आठवड्यातही लावली पाहिजे.

रक्त थांबत नाही

कल्याणीनगरच्या अपघातात मुलाला ससूनला नेऊन रक्त घेतले गेले ते सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे आठ तासांहून अधिक वेळाने. वर सांगितलेला हिशेब लावला तर तेवढ्या वेळात १०० मिलिलिटर रक्तातले १२० ते १६० मिलिग्रॅम अल्कोहोल निघून जाऊ शकते. नमुना कुणी बदलला नसता, तरीही वेळेने निम्मे काम केलेच होते. वरळीच्या घटनेत तर आरोपी दोन दिवस सापडला नाही. तोवर रक्तात काही उरण्याचा प्रश्नच नव्हता.

अपघातात माणूस दगावला की पहिल्या तासात घटनास्थळी किंवा ठाण्यात चालकाची श्वासतपासणी व्हावी, तिची छापील पावती तिथेच पंचनाम्याला जोडली जावी, आणि रक्त घेताना दोन सीलबंद नमुने दोन वेगळ्या ठिकाणी जावेत. पुण्यात संशय आल्यावर संध्याकाळी दुसऱ्या सरकारी रुग्णालयात मुलाचे रक्त पुन्हा घेतले गेले आणि डीएनए जुळेना, तेव्हा अदलाबदल उघड झाली. त्या वेळी संशय आला म्हणून हे कळले. ही खबरदारी नेहमीचीच असायला हवी. तपासाला कुणाच्या संशयाची वाट पाहावी लागू नये.

मंडळ, निबंध आणि कायदा

मुलाला सज्ञान धरून खटला चालवावा ही मागणी १५ जुलै २०२५ रोजी पुण्याच्या बाल न्याय मंडळाने फेटाळली. लोक पुन्हा चिडले. पण कायद्याची रचना समजून घ्यावी. २०१६ मध्ये दिल्लीत सिव्हिल लाइन्स भागात एका मुलाने मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडले. मुलाला १८ पूर्ण व्हायला चारच दिवस उरले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सक्तीची नाही, तो ‘अतिगंभीर’ या वर्गात बसत नाही. त्यामुळे १६ ते १८ वयाच्या मुलाला त्यासाठी सज्ञान धरता येत नाही. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पुण्याच्या मुलाला निरीक्षणगृहातून सोडून आत्याच्या ताब्यात देताना कायद्यावरच बोट ठेवले. मुलांच्या कायद्यात जामीन हा नियम आहे आणि तो गरिबाच्या मुलालाही लागू आहे. त्या निबंधाच्या आदेशात जी घाई आणि जो हलकेपणा होता, त्याचा राग योग्यच होता. मंडळाच्या दोन सदस्यांना पुढे राज्य सरकारने पदावरून दूरही केले. पण त्या रागात मुलांचा कायदाच मोडीत काढला, तर त्याची झळ श्रीमंत घरच्या मुलाआधी वस्तीतल्या मुलांना लागेल.

शिवाय याच कायद्यांनी मोठ्यांसाठी किती कडक तरतुदी ठेवल्या आहेत ते फार थोड्यांना माहीत आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सज्ञान न धरलेल्या मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. म्हणजे ग्लास पुढे करणाऱ्याची शिक्षा पिणाऱ्या मुलापेक्षा मोठी. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘मी अडवायचा पूर्ण प्रयत्न केला होता’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकाची. विम्याचेही तसेच. चालक अल्पवयीन असला तर विमा कंपनी मृताच्या घरच्यांना भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. एका रात्रीची किल्ली घर-शेत विकायला लावू शकते.

पोर्शे नसलेल्यांचे काय?

पोर्शेमुळे या प्रश्नाला श्रीमंतीचा रंग चढला. पण देशात रस्त्यांवर २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत अल्पवयीन मुलाच्या हाती जी किल्ली जाते ती स्प्लेंडरची किंवा ॲक्टिव्हाची असते.

मे महिन्यातली कोणतीही हळद पाहा. मांडवापलीकडे डीजे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या आडोशाला बसलेली मोठी माणसे, मध्ये पाण्याचे जार आणि कागदी प्लेटांत शेंगदाणे. रात्री अकराला बर्फ संपतो. “ए बाळ्या, काकाची गाडी घे अन् फाट्यावरनं बर्फ आन् दोन बाटल्या घिऊन ये. पळ.” बाळ्या नववीत. त्याने संध्याकाळपासून दोन-तीनदा कुणाच्या तरी ग्लासातले चाखले आहे, आणि ते पाहून मंडळी हसली आहेत. तो एकटा जात नाही, मागे दोघे बसतात. हेल्मेट नाही, रस्त्याला दिवे नाहीत, समोरून विनादिव्याची ट्रॉली येते.

बाळ्या नीट परत येतो. अशा रात्री तो बहुतेक वेळा परत येतोच, आणि म्हणूनच ही पद्धत चालू राहते. ज्या रात्री येत नाही, त्या रात्रीची बातमी तालुक्याच्या पानावर तीन ओळींत संपते. तिथे ना बाल न्याय मंडळाची चर्चा होते, ना निबंधाची. पण पोर्शेच्या रात्रीत आणि हळदीच्या रात्रीत जे सारखे आहे ते हेच: किल्ली मोठ्याने दिली, दारू मोठ्यांच्या नजरेसमोर होती, आणि अडवणारे कुणी नव्हते.

गावाकडच्या पालकांची एक अडचण खरी आहे. कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला, एसटीच्या फेऱ्या कमी, क्लास सकाळी सहाला. मुलाला गाडी दिली नाही तर शिक्षण अडते. हे नाकारून चालणार नाही. म्हणूनच मुलांच्या वेळांना जुळणारी एसटी आणि शहरांत रात्री उशिरापर्यंतची बससेवा हा अपघात टाळण्याच्याच उपायांचा भाग आहे. आणि ज्या घराला नाइलाजाने दिवसा गाडी द्यावी लागते, त्याने रात्री ती किल्ली काढून घेण्याचे तरी करावे. विजेच्या ज्या हळू स्कूटरना, २५ किलोमीटर वेगाच्या आणि २५० वॉटच्या आतल्या, परवाना लागत नाही, त्या देतानाही हेच. पिऊन चालवली तर तीही जीव घेते.

काय केले तर थांबेल

न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत सुरू केली. नव्या चालकाला सुरुवातीला रात्री उशिरा गाडी चालवायची नाही, सोबत कोणी अनुभवी नसेल तर मित्रांना बसवायचे नाही. तरुण चालकांचे अपघात रात्री आणि मित्रांसोबत जास्त होतात, या साध्या निरीक्षणावर ती उभी आहे, आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली. आपल्याकडे कायद्याने ती येईल तेव्हा येईल. घराघरांत ती आजपासून लागू करता येते: परवाना मिळाल्यावर पहिले वर्ष रात्री दहानंतर गाडी नाही, आणि गाडीत मित्रांची टोळी नाही.

दुसरा नियम फोनचा. मुलगा किंवा मुलगी, कितीही वाजता, कुठूनही फोन करेल, ‘मी प्यायलोय’ किंवा ‘जो चालवणार आहे तो प्यायलाय’ म्हणेल, आणि घरातले कोणीतरी जाऊन घेऊन येईल. त्या रात्री ओरडा नाही, प्रश्न नाही. बोलणे सकाळी, शुद्धीवर आल्यावर, आणि तेव्हा मात्र सविस्तर. काही पालकांना यात सूट दिल्यासारखे वाटते. पण मुले घरच्यांच्या रागाला भिऊनच पिऊन गाडी हाकतात. राग सकाळपर्यंत थांबू शकतो. गाडी थांबत नाही.

तिसरा नियम बारसाठी. दारावर जन्मतारीख, मोबाइलवरच्या डिजिलॉकरमधून एका मिनिटात. गटातला एकही जण वयाच्या आत असेल तर टेबलावर दारू नाही. उत्पादन शुल्क खात्याने साध्या कपड्यांतली माणसे निकालाच्या आठवड्यात, कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांनंतर आणि वर्षाअखेरीला पाठवावीत. आणि कुणाचा परवाना किती दिवस निलंबित झाला ते जाहीर करावे. बारच्या मालकाला दंडाची भीती कमी असते. शटर खाली राहण्याची खूप असते.

चौथा नियम सोसायट्यांचा आणि शाळांचा. सोसायटीच्या सभेत पाण्यावर दोन तास भांडणाऱ्या मंडळींनी एक ठराव करावा: अल्पवयीन मूल गाडी घेऊन निघाले तर रखवालदार फाटक उघडणार नाही, आणि त्यासाठी त्याला कुणी बोलणार नाही. शाळा-कॉलेजांनी निरोप समारंभाच्या पत्रातच पालकांना कलम १९९-अ आणि कलम ७७ वाचायला द्यावे. चार ओळींचा मजकूर आहे, पण तो वाचल्यावर हात थबकतो.

दसऱ्याला आणि पाडव्याला आपण गाड्या घेतो. झेंडूचा हार, नारळ, बॉनेटवर हळदी-कुंकवाचे स्वस्तिक. या पाडव्याला ज्या घरात नवी गाडी येईल, तिथे त्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवावे की ती कोण चालवेल, कोण चालवणार नाही, आणि रात्री किल्ली कुणाच्या ताब्यात राहील. मुलाने रुसावे, अबोला धरावा. अबोला चार दिवसांत सुटतो. आणि घरातल्या मोठ्यांनी स्वतः दोन पेग घेऊन ‘मला काही होत नाही’ म्हणत स्टिअरिंगवर बसणे आजच थांबवावे, कारण मुले आपल्याकडे पाहूनच शिकतात.

३१ डिसेंबर पुन्हा येईल. त्या रात्री कुणाच्या तरी घरून एक फोन जाईल: “साहेब, लहान आहे, सोडून द्या.” तो फोन आपल्या घरून जाणार नाही, एवढे प्रत्येक वाचकाने ठरवले तरी नव्या वर्षाच्या पहिल्या पहाटे काही घरांतली माणसे जिवंत घरी पोचतील. आपल्या मुलांवर प्रेम आहे म्हणून त्यांना अडवायचे, आणि रस्त्यावरचे प्रत्येक पोर कुणाचे तरी आहे म्हणूनही अडवायचे.